मालन निजली होती

सांगलीच्या मार्केट यार्डामागं ओढ्याच्या कडेला एक पत्र्यांची वस्ती होती. बहात्तरच्या दुष्काळात वडूजकडची बरीच माणसं मेंढरं विकून तिथं येऊन राहिली, आणि पुढं पाऊसपाणी झालं तरी परत गेली नाहीत. तात्याबा आणि अर्जुना हे भाऊ त्यांतलेच. थोरला तात्याबा यार्डात हळदीची पोती वाहायचा. अर्जुना आप्पासो नावाच्या अडत्याच्या गोदामावर राखणीला होता. त्यांच्या बायका, थोरली सुलाबाई आणि धाकटी बनाबाई, एकाच खोलीत एकाच चुलीवर रांधायच्या. सुलाबाईला मालन नावाची पोर होती, बनाबाईला सिद्धू. दोघांत काही महिन्यांचंच अंतर. मालन आधीची, म्हणून तिला लहान झालेली अंगडी सिद्धूला यायची.

दोघी जावांनी कामं वाटून घेतली होती. बनाबाई सकाळी उठून विश्रामबागेत आप्पासोंच्या बंगल्यावर धुण्याभांड्याला जायची आणि दुपारच्या आत परत यायची. ती आली की सुलाबाई वखारीत हळकुंडं निवडायला निघायची, ती दिवे लागायच्या वेळी घरी. दुपारभर दोन्ही पोरं बनाबाईजवळ असायची.

सुलाबाई वाईट नव्हती. पण घर तिच्या हातात होतं. पीठ किती मळायचं, गावाकडं कुणी जायचं, पोरांना आधी काय द्यायचं, हे ती ठरवायची. बनाबाई "व्हय आक्का" म्हणायची आणि मनात ठेवायची.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यात वस्तीतल्या एका पोराला ताप आला आणि ताप उतरल्यावर त्याचा पाय उचलेना. मग पलीकडच्या गल्लीत दुसऱ्याला तसंच झालं. म्हाताऱ्या म्हणाल्या, पोरावरनं वारं गेलं. कुणी अंगारा आणला, कुणी एरंडाचं तेल चोळलं. शहरातही पोरं आजारी पडत होती, पण त्याची वस्तीत कुणाला फारशी खबर नव्हती.

बंगल्यावर मात्र त्याचीच बोलणी चालायची. आप्पासोंची सून, जिला सगळे वहिनीसाहेब म्हणत, ती एक दिवस बनाबाईला म्हणाली, "बना, उद्या दुपारी मुलांचे डॉक्टर इथंच येणार आहेत. कॉलनीतल्या मुलांना पोलिओचा डोस द्यायचाय. पुण्याहून बर्फात घालून आणलाय. बाटली एकदा उघडली की ठेवता येत नाही म्हणे, उरलं ते टाकूनच द्यायचं. तुझ्या घरातली लहान मुलं असतील ती घेऊन ये. आमच्या मुलांचं झालं की त्यांनाही देऊ."

"टोचत्यात का वो?"

"टोचायचं नाही. तोंडात थेंब सोडायचे. पाय जायचा तो रोग होत नाही त्यानं."

बनाबाई घरी आली. सुलाबाई डोक्याला फडकं बांधून निघायच्या तयारीत होती. सांगायला दोन शब्द पुरे होते. बनाबाईनं सांगितलं नाही. संध्याकाळी जेवतानाही नाही. तिनं स्वतःला समजावलं की आक्काच्या पोटात काही राहत नाही, ती साऱ्या वस्तीला सांगेल आणि मग बंगल्यावर आपली काय पत राहील. ते खोटं नव्हतं. पण तेवढंच खरं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुलाबाई वखारीला गेली. दोन्ही पोरं भाकरी-दूध जेवली. मालन वाकळेवर पडल्या पडल्या झोपली. सिद्धू जागा होता. बनाबाईनं त्याचं तोंड धुतलं, काजळ घातलं, गावच्या जत्रेला घेतलेला सदरा काढला. तो सदरा नवाकोरा त्याच्यासाठी घेतलेला होता, मालनचा उतरलेला नव्हता. मग ती वाकळेपाशी उभी राहिली. एक काखेत आणि एक खांद्यावर घेऊन ती कितीदा तरी ओढ्यावर गेली होती. मालनला उचलली असती तर तीही खांद्यावर झोपूनच गेली असती.

शेजारच्या साळूबाई म्हातारीला तिनं दारातून हाक मारली. "मालन निजलीया, जरा ध्यान ठेवा. म्या आत्ता येते."

बंगल्याच्या ओसरीवर कॉलनीतली पोरं पावडर लावून, भांग पाडून बसली होती. डॉक्टरांनी थर्मासमधून बाटली काढली आणि एकेकाच्या तोंडात थेंब सोडले. सगळ्यात शेवटी सिद्धूला बोलावलं. तो रडला नाही, उलट जीभ चाटत राहिला.

"एकटाच?" वहिनीसाहेबांनी विचारलं.

"दुसरी हाय जी, जावंची. पर ती निजलीया."

"बरं," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि डॉक्टरांना चहा आणायला आत गेल्या. डॉक्टरांनी बाटली उजेडाकडं धरून पाहिली. तळाशी अजून होतं. त्यांनी बूच लावून ती पिशवीत टाकली. "महिन्याभरानं दुसरा डोस," ते म्हणाले. "एकानं काम होत नाही. आणा याला."

घरी परतताना बनाबाईची पावलं हलकी पडत होती. सिद्धूचा गालगुच्चा घेत ती मनाशी म्हणत होती की पुढच्या वेळी मालनलाही नेऊ. वस्तीत शिरली तेव्हा मालन जागी होऊन साळूबाईच्या मांडीवर बसली होती. तिला बघून ती "काकी" म्हणत पळत आली आणि तिच्या गुडघ्यांना मिठी मारली. बनाबाईनं तिला उचलून घेतलं. बराच वेळ खाली ठेवलं नाही.

आठ-दहा दिवसांतच मालनला ताप आला. पहिल्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. ताप उतरला त्या सकाळी सुलाबाईनं तिला उभी केली, तर तिचा डावा पाय कापडाच्या घडीसारखा दुमडला. परत उभी केली, परत तेच झालं. तात्याबा कामावर न जाता तिला खांद्यावर टाकून सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. मागोमाग दोघी जावा.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पाय वाकवून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारून पाहिली. "पोलिओ आहे," ते म्हणाले. "डोस दिला होता का कधी?"

"कसला डोस?" सुलाबाईनं विचारलं.

"तोंडात थेंब टाकतात तो."

"आमाला कोन द्येनार, साहेब? आमी असलं काय ऐकलंच न्हाई."

"खरंय. इथं आमच्याकडंही अजून आला नाही," डॉक्टर म्हणाले. "बाहेरून आणतात, बर्फात. तुमचा दोष नाही, बाई. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही दिलाच असता."

बनाबाई दाराशी सिद्धूला घेऊन उभी होती. तिनं तोंड भिंतीकडं केलं. नर्सला वाटलं ती रडतेय. नर्सनं तिच्या पाठीवर हात ठेवला, तशी ती अंग चोरून बाहेरच गेली.

त्यानंतर बनाबाईनं मालनची जी सेवा केली तिला तोड नव्हती. पाणी गरम करून फडकी पिळून पायाला गुंडाळायची. डॉक्टरांनी दाखवलं तसा पाय हळूहळू वाकवायची, सरळ करायची. बंगल्यावरून मिळालेलं खाणं आधी मालनला. तात्याबा बायकोला म्हणायचा, "सख्खी आई करायची न्हाई एवढं बनाबाई करतीया. देव तिच्या पोराला सांभाळंल." बनाबाई ते ऐकून ताट पुढं सरकवायची आणि भूक नाही म्हणायची.

सगळ्यात अवघड होती ती सकाळची वेळ. सुलाबाई उठली की आधी सिद्धूजवळ यायची. त्याला उभा करायची, चालवायची, त्याच्या पोटऱ्या दाबून पाहायची. "चांगला हाय," म्हणायची आणि मग स्वतःच्या पोरीकडं वळायची. एकदा म्हणाली, "बना, तू त्याला घिऊन वडूजला जा थोडं दिस. हितं नगं. एकीचं झालं ते बास झालं."

"म्या न्हाई जात, आक्का."

"ऐक माजं. मालनचं काय व्हायचं ते झालं."

बनाबाई तेव्हा सांगणार होती. पण सुलाबाई सिद्धूच्या तळव्याला तेल लावत होती, आणि तिला सांगता आलं नाही.

सरकारी डॉक्टरांनी मालनच्या पायाला लोखंडी पट्टीचा बूट करून घ्यायला सांगितलं होतं. तो मिरजेला व्हायचा, पण तिथं नंबर लवकर लागत नसे. सुलाबाई म्हणाली, "तुज्या वैनीसाहेबांची वळख आसंल. म्या येते तुज्यासंगं, मालनला घिऊन. पोरगी डोळ्यांनी बघितली की माणूस नाय म्हणत न्हाई."

बनाबाईनं खूप आडवंतिडवं सांगून पाहिलं. वहिनीसाहेब माहेरी गेल्यात, त्यांना बरं नाही, मीच विचारते. सुलाबाई ऐकली नाही. ती वखारीतून सुट्टी घेऊन, मालनला कडेवर मारून सकाळी बनाबाईबरोबर निघाली. वाटेत ती बोलत होती आणि बनाबाई नुसती हुं हुं करत होती.

वहिनीसाहेब तुळशीजवळ उभ्या होत्या. मालनचा लोंबता पाय बघून त्या पुढं आल्या, तो हातात धरून पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं बना, ही तीच का, त्या दिवशी निजली होती ती? उठवून आणायची होतीस गं. बाटलीत उरलं होतं, डॉक्टरांनी तसंच परत नेलं."

सुलाबाईला आधी कळलंच नाही. "कवा, बाईसाहेब? कसली बाटली?"

वहिनीसाहेबांनी बनाबाईकडं पाहिलं. बनाबाई मान खाली घालून उभी होती. तेवढ्यानं वहिनीसाहेबांना उमगलं. पण सुरू झालेलं वाक्य मागं घेता येईना. त्यांनी हळू आवाजात सांगितलं, डोसाचं, कॉलनीतल्या मुलांचं, घरातली पोरं आण म्हटल्याचं. "मीही पुन्हा विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "निजलीय म्हणाली, आणि मी चहा करायला गेले." मग मिरजेच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी लिहून आणते म्हणत घाईनं आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं परत आल्या.

त्या दिवशी बनाबाईनं भांडी घासली नाहीत. दोघी परत निघाल्या. विश्रामबागेचा रस्ता संपेपर्यंत सुलाबाई पुढं चालत होती. रेल्वे फाटक बंद होतं, तिथं थांबावं लागलं. तेव्हा तिनं विचारलं, "म्या वखारीत व्हते तवा?"

"व्हय."

"मालन खरंच निजली व्हती?"

"निजली व्हती."

"आन निजली म्हणून न्हाई न्हेलीस?"

बनाबाईला हो म्हणता आलं असतं. "न्हाई," ती म्हणाली.

मालगाडी आली. ती जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं. सुलाबाई मालनचे कान झाकून उभी राहिली. गाडी गेल्यावरही फाटक उघडायला वेळ लागला.

"मग का?"

"काय सांगू, आक्का. तवा वाटलं, येवढं एक माज्या सिद्धूचंच असावं. दुसऱ्या कुनाचं न्हाई. मला काय म्हाईत असं व्हईल. म्या म्हनलं, फुडच्या बारीला नेऊ हिला."

"माज्यावर राग हुता?"

बनाबाई फाटकाच्या दांड्याकडं बघू लागली.

"माज्यावर राग हुता तर मला मारायचं व्हतंस," सुलाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "हिला कशाला?"

बनाबाईनं तिथंच रस्त्यात तिचे पाय धरायला वाकून पाहिलं. सुलाबाई मागं सरली. "उठ. लोकं बघत्यात." फाटक उघडलं, माणसं आणि सायकली पुढं सरकल्या. चालता चालता सुलाबाई म्हणाली, "गड्यांस्नी ह्यातलं काय सांगू नगंस. ह्यांस्नी कळलं तर दोघं भाऊ एकमेकाचं तोंड बघायचं न्हाईत. परमुलखात येऊन राहिलोय आपुन."

"आक्का, मला घरातनं हाकलून द्या. पर असं..."

"हाकलून काय करू? माज्या पोरीला दुपारचं कोन बघंल?"

घरी आल्यावर सुलाबाईनं रोजच्यासारखा स्वयंपाक केला. बनाबाईला वाढलं. पण त्या दिवसापासून तिनं बनाबाईच्या हातचं खाल्लं नाही. बनाबाईनं भाजलेली भाकरी ती पुरुषांना आणि पोरांना वाढायची, स्वतःपुरती वेगळी थापायची. घरात हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या डोसाची वेळ आली. बनाबाई वहिनीसाहेबांसमोर जाऊन म्हणाली, "बाईसाहेब, आमच्या वस्तीतली पोरं आणू का?"

वहिनीसाहेबांना नाही म्हणवेना. "चार-पाच आण," त्या म्हणाल्या. "जास्त नको. मामंजींना माणसं जमलेली आवडत नाहीत."

बनाबाई वस्तीत आली. चार-पाच म्हणजे कोणाची? जोतीराम हमालाची दोन होती, साळूबाईचा नातू होता, नळापलीकडं तर प्रत्येक घरात होती. एका दारात सांगून दुसरं दार चुकवायचं तिच्यानं झालं नाही. तिनं सगळीकडं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बंगल्याच्या फाटकाबाहेर बायकांची रांग लागली. काखेत पोरं, हाताला पोरं. कॉलनीतल्या बायका ओसरीवर आपापली मुलं जवळ घेऊन उभ्या राहिल्या. आप्पासो माडीवरून खाली आले. "हे कुणी बोलावलं?" त्यांनी विचारलं. वहिनीसाहेब आपल्या मुलांकडं वळल्या. बनाबाई पुढं झाली. "म्या सांगितलं, मालक."

आप्पासो तिच्याकडं बघत राहिले. डॉक्टर थर्मास घेऊन मध्ये आले. "आली आहेत तर देतो, आप्पासो. पुरेल तेवढ्यांना." ते आप्पासोंकडं बघत नव्हते, फाटकाकडंही नाही. "आधी इथली मुलं होऊ द्या."

इथली मुलं झाली. मग रांग सरकू लागली. बनाबाई सिद्धूला घेऊन शेवटाला उभी होती. उशिरा कुणी धावत आली की बनाबाई तिला आपल्यापुढं घ्यायची आणि पुन्हा शेवटी उभी राहायची. सुलाबाईही मालनला घेऊन आली होती. पाय गेला तरी डोस देऊन ठेवा, असं सरकारी डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं. मालनचं झालं तेव्हा तिनं बाटलीकडं पाहिलं, मग रांगेच्या टोकाकडं. ती चालत मागं आली.

"हितं का उभी हायस?"

"सगळ्यांचं व्हऊ द्या, आक्का. मग आमी."

"आन सपलं तर?"

बनाबाईनं खांदे उडवल्यासारखं केलं.

"सपावं म्हणूनच उभी हायस तू," सुलाबाई म्हणाली. "तुजं पाप फेडाय पोराला म्होरं करतीस व्हय? त्येनं काय केलंय?"

तिनं सिद्धूला बनाबाईच्या कडेवरून ओढून घेतलं. एका कडेला मालन, दुसऱ्या कडेला सिद्धू, अशी ती रांगेतल्या बायकांच्या बाजूनं पुढं गेली आणि डॉक्टरांसमोर उभी राहिली. "ह्याचा दुसरा हाय. ह्याला द्या," म्हणाली. बायका कुरकुरल्या, पण मालनच्या पायाकडं बघून कुणी अडवलं नाही. डॉक्टरांनी सिद्धूच्या तोंडात थेंब सोडले.

त्यानंतर थोड्याच पोरांचं झालं आणि बाटली रिकामी झाली. डॉक्टरांनी ती उलटी करून दाखवली. मागं राहिलेल्या बायका लगेच गेल्या नाहीत. काही वेळ तशाच उभ्या होत्या, आणखी कुठून तरी बाटली निघेल म्हणून. जोतीरामाची बायको आपल्या धाकट्याचं तोंड उघडून धरून होती. मग फाटक लावून घेतलं. सिद्धूला मिळालं ते त्यांतल्याच कुणाच्या तरी वाट्याचं होतं, हे दोघी जावांना समजत होतं. वस्तीकडं जाताना त्या बायकांच्या मागं मागं राहिल्या.

बनाबाईचं बंगल्यावरचं काम त्या दिवशी सुटलं. अर्जुनाला कारण कळलं नाही. शेठ लोकांचा नेम नसतो, एवढंच तो म्हणाला. पुढं नगरपालिकेच्या शाळेत थेंब द्यायला लागले तेव्हा वस्तीतल्या सगळ्यांनी पोरं नेली. त्या दिवशी डोस न मिळता परत गेलेल्या पोरांपैकी कुणाला काही झालं नाही. पण तोवर बनाबाई वस्तीतून जाताना पोरांच्या तोंडाकडं न बघता पायांकडं बघत जायची.

मिरजेहून मालनला बूट मिळाला. ती त्यातून चालायला शिकली, एक हात मांडीवर रेटून, अंग एका बाजूला टाकत. वर्षा-दोन वर्षांनी बूट लहान व्हायचा, नवा करायला मिरजेला जावं लागायचं. सुलाबाई बनाबाईला बरोबर न्यायची. एसटीत दोघी एका बाकावर बसायच्या आणि मालन मध्ये. बोलणं मालनशीच व्हायचं.

गावाकडचं कुणी आलं की तात्याबा हमखास विषय काढायचा. मालनला जवळ घेऊन सांगायचा, "आज ही चालतीया ती हिच्या काकीमुळं. आमच्या बनाबाईनं रातचा दिस केला, बंगल्यावरचं काम सोडलं. आशी धाकटी जाऊ नशिबानं मिळती." पाहुणे बनाबाईकडं कौतुकानं बघायचे. मालनही मान वळवून हसायची. सुलाबाई चुलीपाशी खाली बघून जाळ सारत राहायची. बनाबाई पदर डोक्यावर ओढून उठायची आणि काहीतरी राहिलंय असं पुटपुटत बाहेर जायची. बाहेर तिला काही काम नसायचं. पाहुणे उठेपर्यंत ती पत्र्याच्या भिंतीला टेकून उभी राहायची.